डॉक्टरीणबाईंनी बसवलेली पट्टी

नर्सिंग होमच्या आवारात मागे घेताना खांबाला गाडी टेकली तेव्हा आवाज काही फार झाला नाही. टुक. पेला जरा जोरात टेबलावर ठेवला की होतो, तेवढाच. पण डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजिन बंद केलं. त्या उतरून मागे गेल्या. खांब ठणठणीत होता, बंपरवर साधा चरा नव्हता, आणि डिकीच्या दारावरची, नंबरप्लेटच्या वर असते ती रुंद चकचकीत पट्टी मात्र जमिनीवर आडवी झाली होती. बरेच दिवस निमित्तच शोधत असल्यासारखी.

“काय पडलं गं ताई?” पुढच्या सीटवरून धाकटीनं विचारलं.

“काही नाही. पट्टी.”

“काही नाही कसं? किल्ली गेली म्हण की!”

धाकटी म्हणजे बाईंची बहीण. तिचे पाय थकले होते, जीभ नव्हती थकली. ती राहायची या नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे बस येते म्हणे, पण येताना कुणी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाई जमेल तेव्हा गाडी घेऊन येत, बहिणीला पुढे बसवत, तिची चाकाची खुर्ची घडी करून डिकीत टाकत, आणि दोघी नदीकाठी जाऊन गाडीतच बसत. तिथे बसून करत काय, तर येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवत. याच्याहून मोठं सुख दोघींना ठाऊक नव्हतं. गाडी गेली की नदी गेली. मग धाकटीला उरायची एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती पाण्याची टाकी.

आणि गाडी जायचं कारण काय, तर चिरंजीव.

चिरंजीव दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. काय काय वाईट घडू शकतं याचा अंदाज बांधणं, हे त्यांचं काम. अशा माणसाला जिना दाखवा, त्याला त्यावरून घसरलेली आई दिसते. मागच्या खेपेला निघताना तो म्हणाला होता, “आई, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे गं. पण गाडीला काही एक झालेलं दिसलं ना, की किल्ली माझ्याकडे. ठरलं?” इतक्या मायेनं बोलला की नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. त्या खेपेला त्याची माया नुसती उतू चालली होती. गाडी घेऊन मित्राकडे गेला आणि परत आला तो चक्क गाडी धुऊन, पुसून. जेवल्यावर स्वतःचं ताट जन्मात न उचललेला माणूस! धाकटीला हे सांगताना बाईंचे डोळे भरून आले होते.

आणि आता रविवारी तो पुन्हा येणार होता.

“फेक ती पट्टी,” धाकटी म्हणाली. “म्हणावं चोरीला गेली.”

“पट्टी कोण चोरतं?”

“मग चिकटव. जन्मभर लोकांचे दात चिकटवलेस, एक पट्टी नाही चिकटवता येत?”

हे मात्र बाईंना लागलं. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण सवयी काही निवृत्त होत नाहीत. काम चालू असताना हत्यार हवं असलं की त्या तोंडानं मागत नसत. नजर न हलवता उजवा तळहात पुढे करत, आणि जे हवं ते त्यावर पडे. नर्सला ते पाठ होतं. शाळा सुटल्यावर दवाखान्यात येऊन बसणाऱ्या चिरंजीवांनाही पाठ झालं होतं. दुसरी सवय अशी की पेशंटनं तोंड उघडलं की आत एक नजर टाकायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि विचारायचं, “आधी कुणी केलं होतं हे?” पेशंट बिचारा तोंड उघडं ठेवून सांगणार काय! जगात दातांचं काम नीट करणारा माणूस एकच, बाकीचे नुसते खड्डे बुजवतात, यावर बाईंची श्रद्धा होती. तो एक माणूस कोण, हे सांगायला नको.

घरी येऊन त्यांनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गुपचूप दार उघडलं, तर शेजारचे काका फाटकात हजर. या माणसाला काही लपवलेलं असलं की वासच येतो.

“काय वहिनी, पट्टी निघाली वाटतं?”

“निघाली नाही. काढलीय. साफ करायला.”

“सुपरग्लू!” काका म्हणाले. “दुसरं काही आणूच नका. एक थेंब टाकायचा, दाबायचं, विषय संपला. हा चष्मा बघा.” त्यांनी चष्मा काढून दाखवला. त्याची एक काडी आभाळाकडे बघत होती. तेवढ्यात वाऱ्यानं काकांचं फाटक उघडलं. ते सुतळीनं बांधलेलं होतं. तिथं सुपरग्लू का नाही चाललं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं, पण शेजार टिकवायचा असला की काही वाक्यं गिळावी लागतात.

हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर कळलं की चिकटवणं हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. एक अख्खी भिंत नुसत्या ट्यूबांनी भरलेली. एका ट्यूबवर माणूस छताला उलटा लटकलेला, वर हसतोय. दुसरीवर ट्रक हवेत. सगळ्यांवर लिहिलेलं की सगळं चिकटतं. सगळंच चिकटत असेल तर इतक्या ट्यूबा कशाला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी सवयीनं तळहात पुढे केला. दुकानदाराला काही उमगेना. त्यानं थोडा विचार केला आणि त्यावर पेन ठेवलं.

“गाडीची पट्टी चिकटवायचीय,” बाई नाइलाजानं बोलल्या. “बाहेरची. डिकीवरची. प्लास्टिकची आहे, खाली पत्रा.”

“मग टेप न्या. दोन्ही बाजूंनी चिकटते ती, फोमची. गाडीला तीच लावतात.” त्यानं पाठीमागे बोट दाखवलं. तिथे टेपच्या रिळांचा ढीग छतापर्यंत गेला होता, त्यामुळे हा सल्ला पट्टीच्या काळजीपोटी होता की ढिगाच्या, हे सांगणं कठीण होतं.

“टेप?” बाईंचा आवाज चढला. “तुमचा दात पडला तर तुम्ही टेपनं लावाल?”

“दात कशाला पडेल माझा?” दुकानदारानं गालावर हात ठेवला. “मग सिलिकॉन न्या.”

“ते न्हाणीघराला.”

“गरम गोंदाची बंदूक?”

“उन्हात वितळेल. पुढे.”

“सुपरग्लू, मग.”

“ठिसूळ. एक धक्का बसला की कडकन सुटतं. वर कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते वेगळंच.”

“तुम्हाला सगळं माहितीच आहे तर मला कशाला विचारताय बाई?” दुकानदारानं हात टेकले. आणि तेवढ्यात बाईंना ते दिसलं. इपॉक्सी. दोन ट्यूबा, एकीत एक लगदा, दुसरीत दुसरा, समान घ्यायचे, काडीनं घोटायचे आणि घट्ट व्हायच्या आत लावून मोकळं व्हायचं. जन्मभर हेच तर केलं होतं! माहेरचं माणूस परक्या गावात भेटावं तसा त्यांचा चेहरा उजळला.

“हे बसलं की निघत नाही हं,” दुकानदार म्हणाला. “टेप कशी, पुढेमागे काढायची झाली तर—”

“मी बसवलेलं काढायची वेळ आजवर कुणावर आलेली नाही,” बाई म्हणाल्या. दुकानदारानं पुढे वाद घातला नाही.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं, त्यावर पट्टी उताणी ठेवली, वरचा दिवा खाली ओढला, चष्मा चढवला. पट्टीची मागची बाजू त्या पहिल्यांदाच बघत होत्या. बघितली आणि कपाळाला आपोआप आठ्या पडल्या.

“आधी कुणी केलं होतं हे?”

पट्टीच्या पाठीवर कारखान्यातली जुनी काळी टेप होती, मधूनमधून फाटलेली. आणि त्या टेपवर कुणीतरी सुपरग्लूचे ढीग घातले होते. साफ केलेलं नाही, खरवडलेलं नाही, धुळीवरच फासलेलं. डाव्या कोपऱ्यात आतून एक बारीक तडा होता, वरून अजिबात न दिसणारा, आणि त्या तड्यात तर अर्धी ट्यूब ओतलेली होती. त्यात बोटाचा ठसासुद्धा उमटला होता. एवढ्याशा टुकनं पट्टी का पडली, याचा उलगडा झाला. ती पडायचीच होती. कुणी शिंकलं असतं तरी पडली असती.

बाईंनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो शपथेवर म्हणाला की मी त्या पट्टीला हातसुद्धा लावलेला नाही. “सगळे हेच म्हणतात,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. शिवाय उलगड्याचा उपयोग काय? चिरंजीव आधीचा इतिहास थोडाच विचारणार होते. आई गाडी मागे घेत होती, खांबाला लागली, पट्टी पडली. त्याच्या कंपनीला एवढं पुरतं.

मग त्यांनी जे काम केलं, ते दवाखान्याच्या भरभराटीच्या दिवसांत शोभलं असतं. जुना गोंद खरवडून काढला. स्पिरिटनं पुसलं. पकड यावी म्हणून मागची बाजू पॉलिश पेपरनं खरखरीत केली. अंगणात जाऊन डिकी वर उघडली, तिथलाही मळ काढला, कापसाचे बोळे लावून जागा कोरडी ठेवली. दोन लगदे घोटले. हात जरा सढळच सोडला, कारण कमी पडलं की आत पोकळी राहते आणि पोकळी म्हणजे कीड. पट्टी बसवली. बरोबर मधोमध, केसाचाही फरक नाही. शेजारचे काका कुंपणावरून “सुपरग्लू, वहिनी, सुपरग्लू” म्हणत होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि इथे त्यांच्या हातून ती गोष्ट झाली. दुसऱ्या कुणाच्याही हातून झाली नसती, फक्त दातांच्या डॉक्टरच्याच झाली असती. कॅप बसवली की पुढचं वाक्य ठरलेलं: चावा. घट्ट चावा. म्हणजे कॅप खाली नीट बसते आणि जास्तीचं सिमेंट बाहेर येतं. हजारो तोंडांना त्यांनी हे सांगितलं होतं.

“चाव,” त्या डिकीला म्हणाल्या, आणि दार धाडकन खाली आपटलं.

डिकी चावली. अगदी घट्ट चावली. जास्तीचं सिमेंट बाहेर आलं, ते बाईंनी कापसानं टिपून घेतलं. पण जेवढं वरून दिसलं तेवढंच. डिकी उघडायचं बटण असतं ते याच पट्टीखालच्या खोबणीत, आणि खोबणीत डोकवायचं तर तो दांडीचा छोटा आरसा लागतो. तो कपाटात होता. बाईंनी वरून कागदी टेप ओढून पट्टी बांधून टाकली आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम पाळला. पेशंटनं पाळला नाही की किती चिडायच्या त्या!

रविवारी चिरंजीव आले. चहा घ्यायच्या आधी गाडीभोवती फिरले. पुढून, बाजूनं, वाकून, पुन्हा सरळ उभं राहून. मागे आल्यावर ते पट्टीपाशी जरा जास्तच रेंगाळले. अंगठ्यानं पट्टी हळूच दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा कसा कोण जाणे, एकदम मोकळा झाला. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या.

“छान ठेवलीयस गं गाडी!” आत येऊन तो म्हणाला. आज फारच गोड बोलत होता.

“मी नेहमीच छान ठेवते,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला चहाबरोबर जास्तीचं बिस्किट दिलं.

धाकटीला घेऊन तिघांनी नदीवर जायचं ठरलं. बाईंनी गाडी चालवली. चिरंजीव शेजारी बसून सारखा अदृश्य ब्रेक दाबत होते. नर्सिंग होमच्या आवारात बाईंनी गाडी मुद्दाम त्याच खांबाशेजारी लावली आणि खांबाकडे बघितलंसुद्धा नाही. धाकटीला पुढे बसवलं. चिरंजीव मागे जाऊन बसणार होते. त्यांनी उत्साहानं खुर्ची घडी केली, मागे नेली आणि डिकीचं बटण दाबलं.

बटण दाबलंच जाईना. पुन्हा दाबलं. अंगठा लाल झाला. डिकीला दातखीळ बसली होती. आतून उघडायची सोय त्या गाडीत नव्हतीच.

चिरंजीव वाकले. खोबणीत मधाच्या रंगाचा, दगडासारखा कडक गोळा होता.

“आई, हे काय आहे?”

आता खोटं बोलायला वाव होता. काकांचं नाव घेता आलं असतं, गॅरेजवाला तर कायमचाच होता. पण बाईंना एकदम कंटाळा आला त्या सगळ्याचा.

“सिमेंट आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे इपॉक्सी. मी गाडी मागे घेताना खांबाला टेकवली. या इथल्याच. पट्टी पडली, मी चिकटवली. जरा जास्त लागलं.”

चिरंजीव सरळ उभे राहिले. मग त्यांनी तो खास आवाज काढला, ज्यात ते गिऱ्हाइकांना वाईट बातमी सांगत असणार. “आई, आपलं ठरलं होतं ना? मला पण वाईट वाटतंय गं. पण किल्ली दे.”

बाईंनी दिली. ठरलं होतं तर ठरलं होतं. पुढच्या सीटवर धाकटीनं ते ऐकलं. तिनं मान वळवून नर्सिंग होमच्या खिडक्यांकडे बघायला सुरुवात केली. बाईंना ते बघवेना. त्यांना रागही आला होता, पण रागाच्या खाली नुसती भीती होती. आपण इथे आता कशा येणार, आणि नाही आलो तर हिच्याशी भांडायला कोण येणार?

किल्ली खिशात गेल्यावर चिरंजीवांचं मन मोठं झालं. त्यांनी खिशातली लहान सुरी काढली आणि गोळा टोकरायला घेतला. “मला नुसतं सांगायचंस ना आई. हे असलं काहीतरी फासून ठेवलंस! नाजूक असतात या पट्ट्या. त्यात हा डावा कोपरा आतून तडकलेला, त्यावर एवढं जड—”

आणि ते थांबले. सुरीही थांबली.

“आतून,” बाई म्हणाल्या.

चिरंजीव खाली बघत राहिले. तो तडा वरून दिसत नव्हता. तो बघायचा तर पट्टी हातात घेऊन उलटी करायला लागते. बाईंना ती धुतलेली, पुसलेली गाडी आठवली, आणि आपण डोळे पुसले होते तेही आठवलं. त्यांनी चष्मा नीट केला, कपाळाला आठ्या घातल्या.

“आधी कुणी केलं होतं हे?”

चिरंजीवांचे कान लाल झाले. “मित्राच्या फाटकाला लागली,” ते पुटपुटले. “मागे घेताना. अगदी हलकेच.”

“टुक?”

“हो. टुक.”

पुढच्या सीटवरून धाकटीच्या हसण्याचा जो स्फोट झाला, त्यानं झाडावरचे कावळे उडाले.

“मग सांगितलं का नाहीस?” बाईंनी विचारलं.

“तू ओरडली असतीस,” चिरंजीव म्हणाले. कानाजवळ केस पिकलेले, हाताखाली पन्नास माणसं, सगळ्या जगाच्या धोक्यांची मापं पाठ. आणि हा आईच्या ओरडण्याला भिऊन रस्त्याच्या कडेला बसून सुपरग्लू लावत होता, बोटं चिकटवून घेत. बाईंना हसू आलं आणि त्याची कीवही आली. मग आठवलं की स्वयंपाकघरात दिवा खाली ओढून आपण दुसरं काय करत होतो.

“आणि मी का नाही सांगितलं?” त्या म्हणाल्या. “तू किल्ली घेतली असतीस. घेतलीसच की. तुझ्या टुकची किल्ली कुणाकडे द्यायची रे?”

हे कुठल्या पॉलिसीत नव्हतं. असतं तर विमा कंपनीनं शिकवलं असतं.

बाई त्याच्याकडे न बघता खांबाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी नुसता उजवा तळहात पुढे केला.

चिरंजीव त्या हाताकडे बघत राहिले. शाळेचं दप्तर पायाशी ठेवून, दवाखान्यातल्या स्टुलावर बसून, नर्स नसली की ते धावत येऊन त्या हातावर नेमकं हवं ते हत्यार ठेवायचे. कधी चुकले नव्हते.

त्यांनी किल्ली ठेवली.

“झालं का तुमचं?” धाकटीनं हाक दिली. “नदी आटेल तोवर!”

खुर्ची डिकीत जाणार नव्हतीच. चिरंजीव मागच्या सीटवर बसले आणि ती घडी केलेली खुर्ची त्यांनी मांडीवर घेतली. एक चाक त्यांच्या हनुवटीखाली आलं, एक पायपट्टी बरगडीत रुतली. धाकटीनं मागे वळून त्यांच्याकडे डोळे भरून बघितलं आणि म्हणाली की पोराला खुर्ची शोभते.

बाईंनी आरसा नीट केला आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

“आई, डावीकडे खांब आहे,” चाकाआडून आवाज आला. “हळू. अजून हळू. आई, खांब—”

“तोंड बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जन्मभर सगळ्यांना तोंड उघडा म्हणून सांगितल्यावर हे दोन शब्द उच्चारताना त्यांना फारच बरं वाटलं. खांब काचेच्या अगदी जवळून मागून पुढे सरकला आणि जागच्या जागी राहिला.